भांडुपच्या खिडकीतून चौदा मेगाहर्ट्झ

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने रेडिओवरून जगाशी संपर्क साधण्याचा, परवाना हातात आला तेव्हा माझ्याकडे ट्रान्समीटर नव्हता आणि गच्चीवर अँटेना उभारायला सोसायटीची परवानगीही नव्हती. होता तो एक जुना लॅपटॉप. ज्यांच्याकडे मी परीक्षेची तयारी केली ते सर म्हणाले, "अगं, बोलायची घाई कशाला? आधी ऐकायला शीक." सर सत्तरी ओलांडलेले. मोर्स त्यांना मराठीइतकं सहज येतं. मी रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिलेली, तिला मोर्स लागत नाही, त्यामुळे कान अजून कोराच होता. मग ठरवलं, कान तयार होईपर्यंत लॅपटॉपला ऐकायला लावायचं. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहून हे जमतं यावर अजूनही अनेकांचा विश्वास बसत नाही. जमवताना नेमकं कशाशी झुंजावं लागतं, हेही कुणी आधी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हवेत डिजिटल संदेशांचे प्रकार पुष्कळ आहेत. टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेला आरटीटीवाय आहे, चित्रं पाठवणारा एसएसटीव्ही आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांनी रूढ केलेला पीएसके-३१ आहे. पण आज लघुलहरींवर सगळ्यात जास्त वर्दळ आहे ती एफटी-८ ची. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर या दोन अमेरिकन हॅमनी तो आणला. हे जो टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातले क्षीण स्पंद गोंगाटातून वेचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी तेच कसब घरच्या संगणकावर चालेल अशा प्रोग्रॅममध्ये घातलं आणि सोर्स कोडसकट सगळ्यांना मोफत दिलं. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे त्या प्रोग्रॅमचं नाव. तो उघडताना मला आजही कृतज्ञता वाटते.

एफटी-८ मध्ये प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार हिस्से असतात. प्रत्येक हिश्श्यात १२.६४ सेकंद संदेश चालतो, उरलेल्या वेळात समोरच्याने तो उलगडायचा आणि उत्तराला तयार व्हायचं. एका संदेशात एकामागून एक ७९ सूर, प्रत्येक ०.१६ सेकंदाचा. सूर आठच, आणि शेजारच्या दोन सुरांत फक्त ६.२५ हर्ट्झचं अंतर. म्हणजे अख्खा संदेश ५० हर्ट्झमध्ये मावतो. माणसाच्या बोलण्याला अडीच हजार हर्ट्झ तरी लागतात. तेवढ्याच जागेत इथे पन्नास जण शेजारी शेजारी उभे राहू शकतात.

सामानाची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण ती सोपी आहे. टीव्ही बघण्यासाठी बनवलेलं यूएसबी डोंगल. त्यातली आरटीएल-२८३२ ही चिप हवेतले कच्चे नमुने थेट संगणकाच्या हाती देऊ शकते, हे २०१२ च्या सुमाराला सगळीकडे कळलं आणि जगभरच्या हौशी लोकांना स्वस्तातला रिसीव्हर मिळाला. लघुलहरींसाठी यातल्या काही डोंगलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय असते, ती मी वापरते. लॅपटॉपवर लिनक्स मिंट. जीक्यूआरएक्स या प्रोग्रॅममध्ये एफटी-८ ची ठरलेली जागा, १४.०७४ मेगाहर्ट्झ, लावायची, अपर साइडबँड निवडायची, ऑटोमॅटिक गेन बंद ठेवायचा, आणि पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमधून तो आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्सकडे वळवायचा. केबल लागत नाही, स्पीकर लागत नाही. नुसता गोंगाट चालू असताना पातळीचा काटा ३० डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं, बस.

एवढं करून खिडकीबाहेर दहा मीटर वायर सोडली आणि पडद्यावर आल्या त्या उभ्या पांढऱ्या रेघा. ठरावीक अंतरावर, एकीशेजारी एक, वरपासून खालपर्यंत. वॉटरफॉल म्हणतात त्या सरकत्या चित्रात संदेश म्हणजे छोट्या, किंचित थरथरत्या पट्ट्या दिसायला हव्यात. माझ्याकडे दिसत होतं ते आमच्या इमारतीचं वीज वापरण्याचं चित्र.

त्यात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या होत्या, आणि त्या सुट्या करणं महत्त्वाचं होतं. पहिली डोंगलची. त्याचं मोजमाप आठ बिटांचं, म्हणजे जास्तीत जास्त २५६ पायऱ्या. शहरात मीडियम वेव्हची केंद्रं जबर ताकदीने ऐकू येतात. त्यांनीच त्या पायऱ्या व्यापून टाकल्या तर फिनलंडहून आलेल्या कुजबुजीला एकही पायरी उरत नाही. शिवाय डोंगलचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं. त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झच्या, वरचं सगळं दुमडून खाली येतं. एफटी-८ च्याच दुसऱ्या जागेवर, ७.०७४ वर, ऐकायला बसलं की २१.७२६ वरचंही त्याच जागी येऊन बसतं, आणि तो भाग तर २१.४५ ते २१.८५ या प्रसारणाच्या पट्ट्यात येतो. दुपारी ७ मेगाहर्ट्झवर कुठल्याशा परदेशी केंद्राचं संगीत ऐकू आलं तर ते तिथलं नसतं.

डोंगलच्या या दोन्ही दोषांवर एकच उपाय लागू पडला: वायर काढून टाकून ट्यून होणारा लूप, म्हणजे हव्या त्या जागी लावता येणारी वेढ्याची अँटेना, बांधणं. एसीच्या कामात वापरतात ती तांब्याची नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि तिचा एक मीटर व्यासाचा वेढा केला. वेढ्याच्या दोन टोकांमध्ये जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे पत्रे फिरवून केंद्र लावायचा भाग. आत एक पंचमांश व्यासाचा छोटा वेढा, त्याला डोंगलकडे जाणारी केबल, कोअॅक्स. गँगसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. बऱ्याच दुकानांत तरुण मुलांना गँग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. एका पोटमाळ्यावरच्या दुकानातल्या आजोबांनी मात्र न विचारता धूळ झटकून तीन काढून ठेवले आणि म्हणाले, "पत्रे एकमेकांना घासत नाहीत ना, ते फिरवून बघ बेटा. मग ने." असा लूप गँगने जिथे ट्यून केला असेल त्या जेमतेम काही दशक किलोहर्ट्झांपुरताच जागा असतो. मीडियम वेव्ह गायब, दुमडून येणारी केंद्रंही गायब. पंधरा मेगाहर्ट्झखालचा रेडिओ ऐकू इच्छिणाऱ्या मुंबईकराने महागडा रिसीव्हर घेण्याआधी असा लूप बांधावा, असं माझं ठाम मत झालं आहे. तो खिडकीच्या ग्रिलच्या आत मावतो. इमारतीबाहेर काही लटकत नाही, म्हणून सेक्रेटरींनीही हरकत घेतली नाही.

दुसरी अडचण गोंगाटाची. तिच्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरी विद्याही तिथेच मिळाली.

मुंबईत ही अडचण नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जात होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकं हलतील हे तिथल्या लोकांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ मध्ये ट्राम धावू लागल्या तेव्हा चुंबकं समुद्रापलीकडे सुखरूप होती. मला भांडुप सोडून अलिबागला जाणं शक्य नव्हतं. म्हणून घरच शांत करायचं ठरवलं.

पद्धत साधी आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, चार्जर भिंतीतून काढायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, फ्रिज फार वेळ बंद नको ठेवूस, दूध आहे." मेन बंद केला आणि वॉटरफॉलमधल्या रेघांपैकी निम्म्याहून जास्त जागच्या जागी संपल्या. खालची पार्श्वभूमी गडद झाली. मीटरवर गोंगाट जवळजवळ बारा डेसिबलने उतरला होता.

बारा डेसिबल म्हणजे सोळापट. जगातल्या प्रत्येक हॅमने माझ्यासाठी आपल्या सेटची ताकद सोळापट वाढवली असती तर जो फरक पडला असता, तो मी बसल्या जागी एक खटका पाडून मिळवला होता. त्या क्षणापासून माझी या छंदाकडे बघण्याची दृष्टी बदलली. ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं असं मला वाटायचं. ऐकणाऱ्याच्या हातात पुष्कळ असतं.

मग एकेक एमसीबी वर करत, एकेक प्लग लावत शोध. माझा भाचा सुट्टीला आलेला, तो खोलीखोलीतून ओरडून सांगायचा, "मावशी, आता हॉलमधला पंखा!" आणि मी पडद्यावर बघून वहीत लिहायची. लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला. त्यानंतर वायफाय राउटरचा छोटा अडॅप्टर, स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा आणि सेट-टॉप बॉक्स. पंखा निर्दोष. फ्रिजही जवळपास निर्दोष, त्यामुळे आई आणि मी दोघीही खूश. ही गुन्हेगार मंडळी विजेला सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून दाब बदलतात आणि त्या तोडण्या-जोडण्याचे सूर वायरींमधून चौफेर पसरतात. राउटरला जुना, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर लावला. दिवा बदलला. बाकीच्यांच्या वायरी फेराइटच्या, म्हणजे असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या, कड्यातून सात-आठ वेळा ओवून घेतल्या. नुसतं एकदा ओवून फारसा उपयोग होत नाही. वेढे दुप्पट केले की अडवणूक जवळजवळ चौपट होते, म्हणून मोठं कडं घेऊन जास्त वेढे घालणं केव्हाही चांगलं.

तरीही एक रुंद, संथ डोलणारा पट्टा १४.०७५ च्या आसपास उरलाच. आमचा मेन बंद असतानाही तो होता, म्हणजे तो बाहेरचा. इथे लूपचा दुसरा गुण कामाला आला. उभा लूप आपल्या पातळीच्या दिशेने नीट ऐकतो आणि त्या पातळीला काटकोनात असलेल्या दिशेला बहिरा होतो. जवळच्या गोंगाटाची दिशा पक्की असते, तर हजारो किलोमीटरवरून येणारा संदेश आयनांबरावरून, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेच्या थरावरून, उतरत वरून येतो. म्हणून लूप फिरवून जवळचा गोंगाट दाबला तरी लांबचा संदेश फारसा कमी होत नाही. लूप हळूहळू फिरवला, पट्टा जिथे पुसट झाला तिथे खूण केली. त्या रेषेत होती शेजारच्या काकांची गॅलरी आणि तिच्यातली दिव्यांची माळ.

"काका, तुमच्या माळेचा अडॅप्टर दहा मिनिटं काढून बघू का? माझ्या रेडिओत त्याचा आवाज येतोय."

काका म्हणाले, "काढ की. पण येतोय म्हणजे कसा, मलाही दाखव." ते आले, पडद्यासमोर बसले. काकूंनी तिकडे प्लग काढला आणि पट्टा नाहीसा झाला. काकांनी स्वतःच माळेचा अडॅप्टर बदलून घेतला. रेडिओ सिलोन ऐकण्यासाठी गोंगाटातून काटा हळूहळू सरकवण्यात ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

लोकलचा आणि लिफ्टचा गोंगाट मात्र माझ्या हाताबाहेरचा. लिफ्ट चालू झाली की पडद्यावर आडवी पट्टी उमटते. पण एफटी-८ त्यातूनही निभावून नेतो, आणि कसं ते समजून घेण्यासारखं आहे. ७९ सुरांपैकी २१ सूर हे ओळखीची खूण असतात: सात सुरांची एक ठरलेली चाल, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. दादरच्या फलाटावरच्या कोलाहलात आपल्या माणसाची ठरलेली शीळ ओळखू यावी, तसा संगणक ती चाल शोधतो. ती सापडली की उरलेल्या ५८ सुरांतून प्रत्येकी तीन, असे १७४ बिट वाचतो. यातला मूळ संदेश फक्त ७७ बिटांचा. १४ बिट तपासणीचे, आणि बाकीचे ८३ चुका दुरुस्त करण्यासाठी मुद्दाम घातलेले. एखादा अंश लिफ्टने खाल्ला तरी शिल्लक राहिलेल्यांवरून गेलेले परत मांडता येतात. हा एलडीपीसी सांकेतिक प्रकार रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडला. तो झेपेल असे संगणक तेव्हा नव्हते, म्हणून तो कित्येक वर्षं बाजूला पडला. आज ५-जी फोनमध्येही तोच आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो दर पंधरा सेकंदांनी चालतो.

डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रत्येक संदेशापुढे डेसिबलमध्ये आकडा देतो: उणे १२, उणे १८, कधी उणे २१. गोंगाटापेक्षा शंभरपट क्षीण संदेश वाचला असं लोक यावरून सांगतात. ते पूर्ण खरं नाही, आणि मला वाटतं, खरं जे आहे तेही कमी सुंदर नाही. तो आकडा अडीच हजार हर्ट्झमधल्या सगळ्या गोंगाटाशी तुलना करून काढलेला असतो. संदेश स्वतः बसलेला असतो ५० हर्ट्झमध्ये. तेवढ्याच चिंचोळ्या गल्लीपुरतं मोजलं तर १७ डेसिबलचा हिशोब सुटतो, आणि उणे २० चा संदेश फक्त उणे ३ वर येतो. जादू नाही. चिंचोळ्या जागेत, संथपणे, दोघांनी आधी ठरवलेल्या वेळी बोलण्याचं हे फळ आहे.

ठरलेल्या वेळेचं महत्त्व मला जुन्या लॅपटॉपने शिकवलं. आतली छोटी बॅटरी संपलेली, त्यामुळे बंद करून चालू केला की घड्याळ भरकटायचं. एफटी-८ ला घड्याळ साधारण एका सेकंदाच्या आत बरोबर लागतं. पडद्यावर डीटी नावाचा रकाना असतो, त्यात समोरच्याची आणि आपली वेळ किती जुळते ते दिसतं. कुणाचा ०.१, कुणाचा ०.३, कुणाचा उणे ०.२ असं इकडेतिकडे असेल तर सगळं ठीक. सगळ्यांचाच १.५ च्या आसपास दिसू लागला, तर जग चुकलेलं नाही, घड्याळ आपलं चुकलेलं आहे. क्रोनी हा छोटा प्रोग्रॅम टाकला, तो इंटरनेटवरून वेळ लावत राहतो, आणि हा प्रश्न कायमचा मिटला.

मग ओळी येऊ लागल्या. संध्याकाळी पाच-साडेपाचला जपान आणि इंडोनेशिया. अंधार पडता पडता रशिया, मग पूर्व युरोप, मग इटली आणि स्पेन. आपल्यावरून सरकणारी रात्र पश्चिमेकडे जाताना त्या ओळींत वाचता येते. प्रत्येक संदेशात कॉल साइन, म्हणजे त्या हॅमची परवान्यावरची ओळख, आणि बहुतेकदा चार अक्षरांचा पत्ता असतो. हे पत्ते पृथ्वीवर आखलेल्या चौकटींचे, प्रत्येक चौकट दोन अंश रेखांश रुंद आणि एक अंश अक्षांश उंच. आमचं भांडुप ‘एमके-६९’ मध्ये. १९ अंश उत्तर ही रेषा लोअर परळ आणि प्रभादेवी स्टेशनांच्या मधून जाते, म्हणून चर्चगेटला ऑफिसात बसलेली मी ‘एमके-६८’ मध्ये असते आणि घरी परतताना चौकट ओलांडते. माझ्या लॅपटॉपने ऐकलेली प्रत्येक कॉल साइन पीएसके रिपोर्टर या इंटरनेटवरच्या नकाशाकडे जाते. मुंबईच्या बाजूला त्यावर ठिपके विरळच असतात. सायबेरियातल्या कुणाला आपला आवाज हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला हे माझ्या ठिपक्यावरून कळतं, याचं मला मोल वाटतं.

रात्री ७.०७४ वर जायचं. ४० मीटरचा हा पट्टा या शहरासाठी साधा नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, २७ तारखेला, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. गणित केलं तर ते ७.०८ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे मी रोज रात्री ऐकते त्या जागेपासून जेमतेम सहा-सात किलोहर्ट्झवर. युद्ध सुरू होताच हॅम परवाने रद्द झाले होते. ट्रान्समीटर दडवून, जागा बदलत बदलत ही मुलं बोलत राहिली, १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत. वॉटरफॉलच्या उजव्या कडेच्या जरा पलीकडे ती जागा आहे. गँग किंचित फिरवला की लूप तिथेही ऐकतो.

काही संध्याकाळी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पट्ट्या ठळक असतात, पण ओळ एकही उलगडत नाही. नीट पाहिलं तर त्या पट्ट्यांच्या कडा विस्कटलेल्या असतात, शाई फुटल्यासारख्या. मुंबई चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे. सूर्य मावळल्यावर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, आयनांबरात खालून पातळ बुडबुडे वर चढतात आणि त्यातून जाणारा सूर काही हर्ट्झांनी पसरतो. दोन सुरांत अंतरच ६.२५ हर्ट्झचं असल्यावर शेजारचे सूर एकमेकांत मिसळणारच. युरोपातल्या माणसाला ही अडचण क्वचित येते, म्हणून परदेशी सूचना वाचून ती सुटत नाही. थोडा वेळ थांबायचं, किंवा लूप वेगळ्या दिशेच्या संदेशांवर फिरवायचा. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला, तोही आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांचीच मोजदाद करायला. पवईचा तो कँपस माझ्या खिडकीपासून फार लांब नाही. आमच्या डोक्यावरचं आकाश त्यांनाही याच कारणाने मोजावंसं वाटलं असणार.

मे २०२४ मधलं मोठं चुंबकीय वादळ मी याच पडद्यावर पाहिलं. लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं त्या दिवसांत माझ्याकडे उत्तर युरोपच्या ओळी आटत गेल्या आणि दक्षिणेच्या मात्र टिकून राहिल्या. १८५९ च्या सप्टेंबरातल्या महावादळाची नोंद कुलाब्याच्या त्याच चुंबकांनी केली होती, १६०० नॅनोटेस्लांच्या आसपास घसरण. ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. त्या रात्री मी ओळींच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. वही जपून ठेवली आहे.

लॅपटॉप सगळंच ऐकू शकत नाही, हेही सांगायला हवं. १४.०७० च्या खाली मोर्स चालतं. एफएलडिजी हा प्रोग्रॅम ते वाचतो, पण मशिनने पाठवलेलंच नीट. हाताने पाठवलेलं असेल, वर थोडा फेडिंगचा झोका असेल, तर पडद्यावर अक्षरांचा चुराडा येतो. एकदा सर घरी आले होते. मी त्यांना असाच चुराडा दाखवला. ते स्पीकरला कान लावून बसले आणि पेन्सिलीने वाक्यच्या वाक्य लिहीत गेले. मग म्हणाले, "हा बग की वापरतोय, टिंबं आपोआप पाडणारी. डिट एकसारखे आहेत, डॅश मात्र याच्या हातचे. ऐक, थकलाय बिचारा, लांबतायत ते." एवढं कुठलाही प्रोग्रॅम मला सांगणार नाही. म्हणून पुढच्या, जनरल ग्रेडच्या परीक्षेसाठी मोर्स शिकायला घेतलं आहे. एफटी-८ बाजूला चालू राहतो, कानावर हेडफोन, हातात पेन्सिल.

आता पावसाळा तोंडावर आलाय. मे महिन्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीवर वीज कडाडायला लागली की ७ मेगाहर्ट्झवर कडकडाट भरतो आणि रात्रीच्या ओळी निम्म्यावर येतात. ढग दिसले की कोअॅक्स डोंगलपासून काढून ठेवायची, यात हयगय नको. खाऱ्या, दमट हवेने गँगच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो, म्हणून तो मी प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केलाय आणि सांध्यांवर रबरी टेप गुंडाळली आहे. चार महिने दिवसाच्या वेळी २१.०७४ वर बसायचा विचार आहे, तिथे विजेचा त्रास कमी. एक मीटरचा लूप तेवढ्या वर ट्यून होत नाही, गँग पूर्ण उघडला तरी. उरलेल्या नळीतून साठ सेंटिमीटरचा दुसरा वेढा भाच्याने वाकवून दिलाय. रविवारी त्याला कोअॅक्सचा छोटा वेढा जोडायचा आणि गँग कुठल्या खुणेवर लागतो ते बघायचं.